थोरल्यांची चूळ

२ ऑगस्ट

पोहोचले एकदाची, आणि खरं सांगायचं तर जागा मला आवडली. बसमध्ये तोंड एवढंसं करून बसले होते. धार्मिक महाविद्यालय म्हणजे काळोख्या खोल्या, ओलसर भिंती आणि कोपऱ्याकोपऱ्यात खोकणाऱ्या म्हाताऱ्या, असं काहीतरी डोक्यात होतं. इथं तर फाटकापासून रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना छाटलेली झुडपं, दगडी इमारत घासूनपुसून ठेवलेली. आमच्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि तिच्याजवळची लोखंडी खाट माझ्या वाट्याला आली. चादर उलटून पालटून पाहिली, एक डाग नाही. आई असती तर म्हणाली असती, घ्या, हिलाही खोट काढायला जागा उरली नाही.

घरी मला नाकमुरडी म्हणतात. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही, चमचा मी पुसूनच घेते, आणि कुणी बोट चाटून पुस्तकाचं पान उलटलं की ते पान मला पुढं वाचवत नाही. घरादाराच्या चेष्टेचा विषय. बाबांनी मात्र त्यातूनच एक न्याय काढलाय. ते म्हणाले की एक सत्र राहून बघ. सत्राच्या शेवटी पालकभेट असते, तेव्हा मी धाकटीला घेऊन येईन आणि तुला एवढंच विचारीन की इथं शिकण्यात अर्थ आहे का. हो म्हणालीस तर धाकटीची शाळा संपली की तिलाही इथंच घालू. नाही म्हणालीस तर तुलाही घरी नेईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. नाकमुरडीला जे पसंत पडेल ते कुणालाही पसंत पडेल, असं त्यांचं गणित.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आत्याच्या मुलीमुळे शिरलं. ती इथं शिकली. पूर्वी ती शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळायची आणि वर आम्हालाच दम द्यायची. आता बोलायच्या आधी बारीक खाकरते आणि मग बोलते ते आजोबांच्या वयाच्या माणसासारखं. लगेच शिक्षिकेची नोकरीही लागली. आत्या म्हणते, पोर सुतासारखी सरळ झाली. मला सरळ व्हायचं नाहीये, पण एक सत्र काही कुणाला खात नाही.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीला मी मैना नाव ठेवलंय, कारण ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढते. आल्या आल्या तिनं फाटकावरच्या बाईंची नक्कल केली आणि मी हसून हसून खाटेवरून खाली आले. आमचं जमणार.

४ ऑगस्ट

नियम समजले. बोलणं दिवसापुरतं, संध्याकाळच्या जेवणानंतर मौन. आरसा नाही, दारांना आतून कडी नाही. प्रश्न विचारायचा असेल तर आधी त्याचं उत्तर पाठ करून यायचं. हा नियम ऐकून मैना म्हणाली की मग प्रश्न कशाला, थेट उत्तरच विचारू.

एवढ्यावर भागलं असतं, पण रेक्टरबाई आज सगळ्यांच्या पेट्या तपासून दात घासायचे ब्रश आणि पेस्ट घेऊन गेल्या. त्या म्हणाल्या की इथं तोंड शब्दानं स्वच्छ होतं. पाठ म्हणायचा, चूळ भरायची, झालं. मी कपाळाला हात लावला. एक जुना ब्रश पायमोज्यात राहिला होता तो वाचला. नुसत्या पाण्यानं चोरून घासते. बाकीच्या पोरी तशाच. सकाळी सभागृहात आम्ही सगळ्या एकदम तोंडं उघडतो तेव्हा जो वास येतो तो लिहायलाही नको वाटतो. रेक्टरबाईंचा वरच्या ओळीतला समोरचा एक दात नाही. प्राचार्यबाईंचाही नाही. नाही घासले की दुसरं काय होणार?

११ ऑगस्ट

चूळ भरायची पद्धत लिहायची राहिली. संध्याकाळचा पाठ संपला की सभागृहाच्या दाराशी रांग लावायची. तिथं दगडी कुंड आहे. रेक्टरबाई प्रत्येकीला पळीभर पाणी देतात, ते तोंडात खळखळवायचं आणि कुंडात टाकायचं. बाहेर नाही, मोरीत नाही, कुंडातच. माझी पाळी येईपर्यंत त्यात जे साचलेलं असतं त्याकडे मी बघत नाही. काल चुकून बघितलं. फेस, जेवणाचे कण, आणि एकमेकांत गुंतलेल्या लाळेच्या तारा, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारख्या हलत होत्या. रात्री चोरून दोनदा दात घासले.

पण न्यायानं लिहायचं तर बाकीचं वाईट नाही. प्राचार्यबाई शिकवतात तेव्हा वर्गात टाचणी पडलेली ऐकू येते. दया म्हणजे काय यावर त्या परवा बोलल्या ते मी दोन दिवस घोळवत होते. मुली भांडत नाहीत, कुणी कुणाला कपड्यांवरून हिणवत नाही. आणि इथला पाव. दुसऱ्या कुठल्या जेवणाचं मी कधी कौतुक केलं असेल तर आईनं दाखवून द्यावं, पण हा पाव आंबूस, मऊ, वरून खरपूस, आणि मी तो रोज मिटक्या मारत खाते. मैना तर माझ्या ताटातलाही उचलते.

बाबांना काय सांगायचं? आज विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हणाले असते.

१७ ऑगस्ट

अक्षर वेडंवाकडं येतंय.

आज दुपारी आमच्या खोलीची स्वयंपाकघरात पाळी होती. पीठ चाळायचं काम मला दिलं. तेवढ्यात वरच्या वर्गातल्या दोघी कालचं कुंड उचलून आत घेऊन आल्या, दूध सांडू नये म्हणून जपावं तसं जपत. कोपऱ्यात एक मोठा रांजण आहे, लाकडी झाकणाचा. झाकण सरकवून त्यांनी सगळं त्यात ओतलं. मग स्वयंपाकाच्या मावशींनी त्याच रांजणात लांब दांड्याचा डाव घातला, वर काढला आणि मी चाळलेल्या पिठात रिकामा केला.

मला वाटलं चूक झाली. मी मावशींना म्हटलं की हे चुळांचं पाणी आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी ओलं असतं असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पाव फुगणार कशानं? आणि मळायला लागल्या. त्यांच्या मनगटाला एक जाड तार लोंबत होती. त्यांनी ती बोटानं निपटून परत पिठात घातली.

मी मागच्या अंगणात जाऊन आतडी बाहेर येईपर्यंत ओकले. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबेनात. पहिल्या दिवसापासून मी हे खातेय. साऱ्या पोरींच्या तोंडातलं, न घासलेल्या दातांतलं, कुजलेलं, शिळं, कोमट. आणि मिटक्या मारत.

१८ ऑगस्ट

मला वाटलं होतं ही लपवाछपवी असेल. छे. प्राचार्यबाईंनी आज भर वर्गात अभिमानानं सांगितलं, बहुधा मावशींनी माझं ओकणं त्यांच्या कानावर घातलं असावं.

हे महाविद्यालय ज्यांनी काढलं त्यांना इथं थोरले म्हणतात. सभागृहात त्यांचं भलंमोठं चित्र आहे, तोंड उघडून उपदेश करतानाचं. शेवटच्या आजारात त्यांची वाचा गेली. शिष्यांनी रडून आकाशपाताळ एक केलं, की आता तुमचा शब्द आम्हाला कोण देणार. तेव्हा थोरल्यांनी खूण करून पाणी मागवलं, चूळ भरली आणि ती रांजणात टाकली. मग त्या पाण्यात पीठ मळून सगळ्यांना खायला घालायला लावलं. रांजण त्यानंतर कधी रिकामा झालेला नाही, कधी घासलेला नाही. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. प्राचार्यबाई म्हणाल्या की विरजणाचा एक थेंब भांडंभर दुधाला पुरतो.

म्हणजे आम्ही दूध. मला भर वर्गात उमासा आला. तोंड दाबून बाहेर पळाले. मागं कुणी हसलं नाही, हेच विचित्र. एवढ्या मुलींच्या वर्गात कुणीतरी ओकायला पळतं आणि एकही फिसकन हसत नाही?

२७ ऑगस्ट

पाव सोडला. उकडलेल्या भाज्यांवर आणि आईनं पेटीच्या तळाशी दडवून दिलेल्या बिस्किटांवर दिवस काढले. रेक्टरबाईंच्या ते लक्षात आलं. बिस्किटं गेली, आणि आता माझ्या भाजीत वाढतानाच पाव कुस्करून घालतात. भाजीचं ताट तसंच परत जातं. नळाचं पाणी पिऊन झोपते.

मैनेला मी हात जोडले की तू खाऊ नकोस. ती म्हणाली की हॉस्टेलात आलं की थोडंफार डोळे मिटून गिळावंच लागतं, तुझ्यासारखं नाक वर करून जगलं तर माणूस उपाशी मरेल. मग तिनं प्राचार्यबाईंचं खाकरणं काढून दाखवलं, अगदी तस्सं, घशात खडा अडकल्यासारखं. हसू आलं. किती दिवसांनी.

३ सप्टेंबर

आज घरी फोन करायची पाळी. फोन ऑफिसात आहे आणि रेक्टरबाई समोर खुर्ची टाकून बसतात. तरी मी आईला सगळं सांगून टाकलं, कुंड, रांजण, पीठ. आई हसायला लागली. म्हणाली, लग्नाच्या पंगतीत ताट दोनदा धुवून घेणारी तू, तुला हॉस्टेलचं जेवण कधी गोड लागायचं? मी रडकुंडीला येऊन म्हटलं की आई, खरंच. ती म्हणाली की आत्याची मुलगीही पहिल्या सत्रात अशीच काहीतरी बरळत होती, मग रुळली.

मागून धाकटीचा आवाज आला, की ताईनं तिथंही नाक मुरडलं का. सगळे हसले. माझं टोपणनावच माझ्या मुळावर उठलंय. दुसऱ्या कुणी हेच सांगितलं असतं तर बाबा तडक निघून आले असते.

फाटकाकडे जाऊन बघितलं. पालकभेटीपर्यंत आतून बाहेर कुणी नाही. फाटकावरच्या बाई हसून म्हणाल्या, आणि त्यांचाही तोच दात नव्हता.

९ सप्टेंबर

खाल्ला.

चक्कर येऊन सभागृहात पडले होते. शुद्धीवर आले तेव्हा रेक्टरबाई माझ्या तोंडात तुकडा कोंबत होत्या आणि माझी जीभ तो आत ओढत होती. थुंकायचं होतं. थुंकले नाही. चव इतकी चांगली होती की डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरा मागितला. स्वतःची एवढी किळस मला आयुष्यात आली नव्हती.

१६ सप्टेंबर

आता रोज खाते. उपाशी राहून इथून पाय काढता येणार नाही, अंगात बळ हवं, असं स्वतःला सांगते. खोटं आहे. पावाचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं आणि त्या पाण्याचीच शिसारी येते.

वर्गात आज पाठाच्या पोथीतला सातवा अध्याय म्हणायला मला उभं केलं. मी तो उघडलाही नव्हता. हात वर करून नाही म्हणणार, तर तोंडानं सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही अडखळ नाही. कुठं श्वास घ्यायचा ते माझ्या छातीला ठाऊक होतं. प्राचार्यबाई म्हणाल्या की बघ, जमायला लागलं. बाबा असते तर त्यांचा ऊर भरून आला असता. इथून शिकलेल्यांना नोकऱ्या का लागतात ते कळलं. त्या कधीच चुकत नाहीत.

पण मी काही शिकले नाही. मला त्या अध्यायाचा अर्थही माहीत नाही. कुणीतरी माझ्या तोंडात बसून तो म्हटला.

२० सप्टेंबर

आज जेवताना मैनेनं प्राचार्यबाईंसारखं खाकरलं. मी हसले. तिनं पुन्हा खाकरलं. मी म्हटलं, पुरे आता, पकडतील. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं की काय पुरे.

ती नक्कल करत नव्हती.

मग मी टेबलभर कान दिला. सगळ्या खाकरत होत्या. ही, ती, पलीकडची, तोच घशात अडकलेला खडा. म्हाताऱ्या पुरुषाचं खाकरणं. आणि प्रत्येकीची जीभ मधूनमधून वरच्या ओळीतल्या त्याच एका दाताला मागून ढकलत होती.

सभागृहात जाऊन मी ते चित्र नीट पाहिलं. थोरल्यांच्या उघड्या तोंडात तिथं फट आहे.

आत्याची मुलगी हसताना तोंडावर हात का धरते, ते आता लक्षात आलं. आम्हाला वाटायचं, लाजायला शिकली.

२५ सप्टेंबर

माझा दात हलतोय. वेळ मिळाला की जीभ तिथंच. दाबून धरते, थोड्या वेळानं बघते तर पुन्हा तिथंच. लपवलेल्या ब्रशनं हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासले. तेवढ्यापुरतं तोंड माझं वाटलं.

पालकभेट जवळ आली. बाबांना हो किंवा नाही एवढंच ऐकायचंय. नाही म्हणायला किती लागतं? एक शब्द. तेवढा मी म्हणणारच. धाकटी इथं पाऊल ठेवणार नाही. ती माझ्यासारखी चोखंदळ नाही, समोर येईल ते हसत खाते, तिला तर आठवडाही लागणार नाही.

२९ सप्टेंबर

पुन्हा स्वयंपाकघराची पाळी. दुपारी मावशी सरपण आणायला बाहेर गेल्या. रांजणाचं झाकण सरकवून आत पाहिलं.

पाणी नाही त्यात. पाणी कधीच राहिलेलं नाही. काठापर्यंत एक गुलाबी, जाड लगदा आहे आणि त्यावर बारीक पांढरे खरबरीत दाणे, दाट, लव असावी तसे. मधोमध एक खाच. आजारी माणसाची जीभ डॉक्टर बाहेर काढायला लावतो, तशी. उबदार वाफ आली, माझ्याच सकाळच्या तोंडाचा वास.

मी डावाच्या दांड्यानं जरा टोचलं. ती दांड्याभोवती वळली आणि तो खालपासून वरपर्यंत चाटून साफ केला.

मी ओरडले नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

४ ऑक्टोबर

मैनेचा दात पडला. जेवताना. तिनं तो हातात घेतला, पाहिला, आणि पावाबरोबर चावून खाल्ला. कडकड आवाज आला. कुणी मान वर केली नाही.

मी तिला बोलता बोलता फाटकावरच्या बाईंचा आवाज काढायला सांगितलं. तिला येईना. रेक्टरबाईंचा, नाही. तिच्या आईचा काढायची तो, नाही. ती बसून प्रयत्न करत राहिली आणि प्रत्येक वेळी तोंडातून एकच आवाज आला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तोंड शांतपणे सांगत होतं की रडण्यासारखं काही नाही, बाळ.

६ ऑक्टोबर

फोन. बाबा स्वतः होते. विचारलं, कशी आहेस. मी म्हणणार होते की घेऊन चला. शब्द जिभेवर होते. जीभ माझी नाही. घसा खाकरला आणि मी म्हणाले की सगळं छान आहे बाबा, इथं मन लागतं. धाकटीला अवश्य घाला. रिसीव्हर ठेवायचा होता, हात माझं ऐकत होता, म्हणून आपटला. तोवर सगळं बोलून झालं होतं. आपटण्याआधीच बाबा किती खूश झाले ते ऐकू आलं. म्हणाले, चला, नाकमुरडीनंही पसंत केलं म्हणजे सोनंच.

रेक्टरबाई खुर्चीतून हसल्या. फटीतून जीभ दिसली.

८ ऑक्टोबर

हात अजून माझा. हे लिहिते म्हणजे माझाच. तोंडानं बोलायचं नाही. तोंडात रुमाल कोंबून बाबांसमोर उभी राहीन. मान हलवून नाही म्हणेन. ही वही त्यांच्या हातात देईन.

दात अगदी बारीक धाग्यावर —

ब्रश सापडत नाही. मीच टाकला की काय. कुठं टाकला आठवत नाही.

१२ ऑक्टोबर

आज रांगेत उभी होते आणि कुंडात पाहिलं. फेस, तारा, कण. नेहमीचंच. बघत राहिले. पोटात काही ढवळलं नाही.

मी पुन्हा पाहिलं, मुद्दाम, वाकून. शिसारी यावी म्हणून. घरी पुसूनच घ्यायचे तो चमचा आठवला, पुस्तकाचं चाटलेलं पान आठवलं. काही नाही. स्वच्छ वाटलं ते पाणी. बरं वाटलं.

याची मला भीती वाटते. बाकी कशाचीच आता — फक्त याची. किळस होती तोवर मी होते.

१५ ऑक्टोबर

दात गेला. गिळला. चांगला लागला.

इथं शिकण्यात अर्थ आहे का. नाही. नाही. नाही. नाही. हात लिहितो अजून. नाही. लिहिताना तोंड हो हो म्हणत —

१९ ऑक्टोबर

उद्या येणार. बाबा आणि ती.

रुमाल कोंबला होता. माझ्या तोंडानं तो चावून चावून मऊ केला आणि —

२० ऑक्टोबर

बाबा खाली प्राचार्यबाईंपाशी आहेत. पुरुषांना वर येऊ देत नाहीत. धाकटी माझ्या खाटेवर बसलीय, पाय हलवत. खोली आवडली तिला, खिडकी आवडली.

मी तिच्याशी बोलतेय. ऐकतेय मी माझं बोलणं. किती गोड बोलते.

धाकटे, मी बोलतेय ते ऐकू नकोस. हे वाच. वही तुझ्यासमोर ठेवली आहे, इकडे बघ. तोंड माझं नाही. बाबांना घेऊन आत्ता निघ. मी हो म्हणाले तरी नाही. माझ्यासाठी थांबू नकोस, मला ओढू नकोस, तू जा.

हसतेस कशाला. चेष्टा नाही ही. ताई नाक मुरडत नाहीये.

रेक्टरबाईंनी दिलेला तो तुकडा खाली ठेव. पाहुण्यांना देतात तो. वास चांगला येतो, माहीत आहे, मलाही —

ठेव तो. मी म्हणतेय की घे, एक घास घे, ताईच्या हातचा, ते मी नाही म्हणत. माझा डावा हात तुझ्या तोंडाशी काय करतोय ते मला दिसत नाही, मी उजव्याकडे बघतेय, उजवा माझा, उजव्यानं लिहितेय

चावू नकोस

इथं मन रमतं, इथं सगळं स्वच्छ आहे, बाळ, इथं कुणालाही कधी कसलीही नाही नाही नाही धाकटे गिळू नकोस थुंक, माझ्या अंगावर थुंक, थु —